गिरजाबाईंचा गोफ

आंधळगाव,
२० ऑगस्ट २०२३

रिता,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखशील. ओळखून बाजूला ठेवून देऊ नकोस, एवढंच आधी सांगते. माझा आणि तुझ्या दादांचा, दोघांचेही नंबर तू बंद करून ठेवलेस. आईंजवळ फोन नाहीच. म्हणून प्रविणरावांच्या छपाईच्या दुकानाचा रायपूरचा पत्ता मोबाईलवर शोधला आणि त्यावर लिहीत आहे.

आईंचं ऑपरेशन झालं. डावा स्तन काढून टाकला. कॅन्सर निघाला.

असं एकदम लिहिलं, कारण वळणं घेऊन लिहायला बसले की कागद फाडावा लागतो. दोन फाडले. उन्हाळ्याच्या शेवटी आंघोळ करताना आईंच्या हाताला गाठ लागली. त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. धानाच्या रोवणीच्या आधी बांधावर बायकांसोबत बसल्या असताना पदर सावरताना कळवळल्या, तेव्हा मी विचारलं. मग भंडाऱ्याला दाखवलं, तिथून नागपूरला पाठवलं. आता घरी आहेत. जखम सुकत आली. पहिला केमो झाला. दोन दिवस काहीच पोटात राहिलं नाही, आता पेज घेतात. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं, आशा ठेवायला जागा आहे.

तुला आधी कळवलं नाही याचा राग येईल. पण आईंनीच नको म्हटलं. "तिच्या जिवाले कायले घोर," म्हणाल्या.

खर्चाचं विचारशील. सरकारी योजनेचं कार्ड होतं, पण त्यावर आईंचं नाव गिरजा आणि आधारवर गिरिजा. ते निस्तरायला वेळ लागणार होता आणि डॉक्टर म्हणत होते, थांबू नका. मग रोख भरले. माझा भाऊ सेवकराम कोंढ्याहून धावून आला, त्याने सोय केली. तुझ्या दादांचं हार्डवेअरचं दुकान चालू आहे, माल थोडा कमी भरतात इतकंच. तू चिंता करू नकोस.

एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. लॉकडाऊनमध्ये छापखाना बंद पडला तेव्हा तू मदत मागायला आली होतीस आणि दादा म्हणाले, "लग्न मर्जीनं केलंस, आता मर्जीनंच निस्तर." आई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मीही चहाचे कप उचलून आत गेले. तू चहा न पिता गेलीस. त्या दिवशी संध्याकाळी आईंनी गळ्यातला गोफ काढला, हातातल्या पाटल्या काढल्या, लाल थैलीत घातल्या आणि मला म्हणाल्या, "हे रितीचं. मरणाची पाळी आली तरी याले हात लावाचा नाही." तेव्हापासून ती थैली माझ्या कपाटात आहे. सुखरूप आहे.

यायची घाई करू नकोस. केमो चालू असेपर्यंत बाहेरच्या माणसाचा संसर्ग नको असं डॉक्टरांनी बजावलं आहे. बरं वाटलं की मीच कळवीन.

तुझी,
साधना वहिनी


आंधळगाव,
२ नोव्हेंबर २०२३

रिता,

तुझं उत्तर मिळालं. चारच ओळी, पण मिळालं. पोस्टमन दारात आला तेव्हा मी अंगणात धान वाळायला टाकत होते. पत्र पदराखाली घेतलं आणि मोरीत जाऊन वाचलं. काहून ते विचारू नकोस, सवय झाली आहे.

दिवाळीला येते म्हणतेस. थोडे पैसे साठवले आहेत, ते दादांच्या खात्यात न टाकता स्वतः आईंच्या हातात देते म्हणतेस. वाचून मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. पण रिता, दिवाळीत नको. आईंच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या आहेत. साधा सर्दीचा माणूसही चालत नाही. घरात मळणीची धूळ आहे. तू येशील, त्या तुला जवळ घेतील, रडतील, आणि दुसऱ्या दिवशी ताप चढला तर तुला आयुष्यभर लागून राहील. तसं व्हायला नको म्हणून सांगते. पैसेही नकोत. तुझी पोरगी शाळेत जायला लागली असेल, तिच्यासाठी ठेव. इथे सगळं भागतं आहे.

आईंचे केस गेले. आधी उशीवर दिसायचे, मग एक दिवस त्यांनीच न्हाव्याला बोलावलं आणि सगळं काढून टाकलं. आरशात पाहून म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यासारखी दिसून राहिली मी." मामंजींच्या फोटोकडे पाहून आम्ही दोघी हसलो. हसता हसता मला आत जावं लागलं.

सकाळी मी त्यांचा डावा हात खालून वर चोळून देते. ऑपरेशननंतर तो हात सुजतो. त्यांच्या पोलक्यात डाव्या बाजूला मी मऊ कापडाची गादी शिवून दिली आहे. शेजारच्या बेबीबाई बसायला आल्या की त्या पदर नीट करून अशा बसतात की कोणाला काही कळत नाही. नागपूरला जाताना बसमध्ये खिडकीकडची जागा मागतात आणि वरठीचं रेल्वे फाटक येईपर्यंत बाहेर बघत राहतात. तिथून तुझ्याकडची गाडी जाते ना.

तुझी आठवण काढतात का, असं तू विचारलंस. काढतात. पण तू यावंस असं आत्ताच म्हणत नाहीत. आधी मी उभी राहतो, मग तिले बोलाव, असं म्हणतात.

आत्ता थांबते. भंडाऱ्याला एक काम आहे, बस चुकेल.

साधना


आंधळगाव,
१९ जानेवारी २०२४

रिता,

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी न कळवता तू आलीस. मी अंगणात लाखोळीची भाजी खुडत होते. फाटक वाजलं, मान वर केली, तू उभी. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "काहून?" असा, का आलीस म्हणून. ये, बस, असं काहीच नाही. तुझ्या लक्षात आलं असेल. त्या शब्दाची लाज मला चार दिवस झाले जात नाही.

आई उन्हात बाजेवर बसल्या होत्या, डोक्याला रुमाल बांधून. त्यांनी तुझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बारीक झाली तू." ज्या बाईच्या गळ्याची हाडं मोजता येतात ती तुला म्हणत होती बारीक झाली. इतके दिवस का आली नाहीस, हे त्यांनी विचारलंही नाही. तुझे दादा दुपारी दुकानातून आले आणि तुला पाहून दारातच उभे राहिले. "जेवली का?" "हो." बहीणभावाचं एवढंच बोलणं झालं. मी मधे काही बोलून ते वाढवू शकले असते. बोलले नाही. मला तुम्ही सगळे लवकर पांगायला हवे होतात.

आता मी जे लिहिते ते तुला अर्धं माहीतच आहे. तरी लिहिते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाल्या, "साधना, कपाट उघड. रितीले तिचं देऊन दे माह्या डोळ्यासमोर." मी किल्ली शोधल्याचं सोंग केलं. किल्ली माझ्या कमरेलाच होती. मग कपाट उघडलं, लाल थैली काढली. ती मी धरूनच राहिले. तू उठून माझ्याजवळ आलीस आणि थैली माझ्या हातातून घेतलीस. आईंकडे पाठ करून नाडी सोडलीस, आत पाहिलंस. आत माझी बाजारात घेतलेली सोनेरी पॉलिशची माळ होती, वजन लागावं म्हणून घातलेली. तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली पाहिलं. तू नाडी बांधलीस आणि अगदी साध्या आवाजात म्हणालीस, "आहे आई. राहू दे इथंच. एकटी गाडीत कुठं घेऊन जाऊ? लग्नाबिग्नाले घालीन."

आई म्हणाल्या, "बरं. वहिनीपाशी आहे म्हणजे काळजी नाही."

त्यानंतर मी स्वयंपाकघरात गेले आणि तुझ्यासाठी डब्यात तिळाचे लाडू भरत बसले. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. तू निघालीस तेव्हा डबा पुढे केला. तू घेतला नाहीस. फाटकापाशी म्हणालीस, "मी आईसाठी बोलली. तुमच्यासाठी नाही."

रिता, गोफ आणि पाटल्या मी ऑपरेशनच्या आधी भंडाऱ्याच्या एका सराफाकडे गहाण ठेवल्या. सेवकरामने काही दिलं नाही, त्याच्याजवळ देण्यासारखं नाहीच. तुझ्या दादांनाही मी तेच सांगितलं होतं, सेवकरामने दिले म्हणून. ते आजही कोंढ्याचं नाव निघालं की माझ्या भावाचा मान ठेवून बोलतात. ऐकवत नाही.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या खिडकीवर पैसे भरल्याशिवाय ऑपरेशनची तारीख मिळत नव्हती. आई चाकाच्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना विचारलं असतं तर त्या नाहीच म्हणाल्या असत्या. दुसरा मार्ग नव्हता. सोडवून परत ठेवू असं मनाशी ठरवलं होतं. पण केमोच्या औषधांना पैसे लागत गेले. कार्डाचं नाव दुरुस्त झालं तरी कार्डात बसत नाही असं काही ना काही निघायचंच. तपासण्या, बाहेरची इंजेक्शनं, नागपूरची खोली. नोव्हेंबरच्या पत्रात भंडाऱ्याला एक काम आहे असं लिहिलं होतं, ते त्याच सराफाकडे. त्या दिवशी मी गोफ मोडायला सांगितलं. पाटल्याही.

आणि त्याच पत्रात तुझे पैसे नको म्हणून लिहिलं. ते पैसे आले असते तर मोडावं लागलं नसतं. पण पैसे तू स्वतः आणणार होतीस. तू आलीस की आई कपाट उघडायला लावणार, हे मला ठाऊक होतं.

डॉक्टरांनी कोणाला भेटू नका असं सांगितलं नव्हतं. तोंडाला कापड बांधून या, एवढंच म्हणाले होते. आईंनीही तुला कळवू नका असं कधी म्हटलं नाही. त्या दर आठवड्याला विचारायच्या, रितीले कळवलं का, ती काय म्हणते. मी सांगायचे, लिहिलं आहे, उत्तर नाही आलं. तुझं उत्तर माझ्या साड्यांच्या घडीत होतं.

आता तू हे वाचून दादांना कळवलंस तरी मी काही म्हणणार नाही.

साधना


आंधळगाव,
२८ मार्च २०२४

रिता,

तू काही कळवलं नाहीस. दादांना नाही, आईंना नाही, मलाही नाही. मी रोज फोन वाजला की दचकते. तू वाट पाहायला लावतेस असं म्हणत नाही, मी तरी तुला वाट पाहायला कमी लावलं का.

चांगली बातमी आहे, म्हणून लिहिते. आईंचे रेडिएशनचे शेक संपले. परवा नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "आजी, सध्या काही दिसत नाही. रोजची गोळी चालू ठेवा, तीन महिन्यांनी दाखवून जा." आईंनी विचारलं, "म्हणजे मी मरत नाही?" त्या हसल्या, "आत्ता तर नाही." बाहेर येऊन आईंनी रसवंतीवर थांबून उसाचा रस घेतला. सगळा ग्लास संपवला. केसही उगवून राहिले, बारीक आणि अगदी काळे.

मला आनंद झाला, पण तो टिकला नाही. कारण रसवंतीच्या बाकावर बसून त्या म्हणाल्या, "एप्रिलमध्ये माह्या भावाच्या मनिषचं लग्न आहे. रिती येईन ना? तिले गोफ घालून लग्नात फिरताना पाहतो एकदा. आधी मी रिठ्याच्या पाण्यात धुऊन देतो, काळवंडला असन."

तुला पुन्हा खोटं बोलायला लावणार नाही. मी नवीन गोफ घडवायला टाकला आहे, पाटल्यांचं पुढे बघू. पैसे कुठून आणले ते आत्ता विचारू नकोस. आधी आईंना सगळं खरं सांगीन, मग गोफ त्यांच्या हातात देईन. मग तो तुझा. असं ठरवलं आहे.

साधना


आंधळगाव,
९ मे २०२४

रिता,

आई तुझ्याकडे पोचून तीन आठवडे झाले. त्यांनी तुला सांगितलं असेल. पण माझ्या बाजूने काय झालं ते मीच सांगायला हवं. त्या फार बोलणाऱ्यातल्या नाहीत, आणि माझ्याबद्दल वाईट बोलणं त्यांना जमणार नाही.

मागच्या पत्रात लिहिलं होतं, आधी खरं सांगीन, मग गोफ देईन. तसं झालं नाही. गोफ सराफाकडून आणला त्या दिवशी आई अंगणात बसल्या होत्या. रिठे भिजवून ठेवले होते, मनिषच्या लग्नाला चार दिवस उरले होते. "आण," म्हणाल्या. मी आत गेले, लाल थैलीतली माळ काढली, नवीन गोफ घातला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. समोर बसून राहिले. आधी धुऊन होऊ दे, मग सांगते, असं मी मनात म्हणत होते. आईंची नजर आता मंद झाली आहे हेही मनात होतं. दोन्ही गोष्टी मनात होत्या, रिता. मी सांगणार होते की नाही, ते आता मला कधीच कळणार नाही.

त्यांनी गोफ पाण्यात घातला, चोळला, बाहेर काढून गळ्याजवळ नेला आणि मागच्या फाशाला बोट लावलं. बराच वेळ बोट तिथेच होतं. मग म्हणाल्या, "हा माझा नोहोय. माह्या गोफाचा फासा टोचत होता. तुझ्या सासऱ्यानं दुरुस्त करून आणला होता, तवापासून."

मग मी सांगितलं. गहाण, मोडणं, माळ, तू थैलीत पाहिलेलं, तू झाकून घेतलेलं. आई गोफ चोळतच होत्या, थांबल्या नाहीत. माझं सांगून झालं तेव्हा म्हणाल्या, "मले विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. नाही म्हटलं असतं अन् मेली असती. नाही विचारलं ते बरं केलं तू."

मी रडले. इतक्या महिन्यांनी अंगावरून ओझं उतरल्यासारखं झालं. त्यांचा हात धरायला पुढे झाले, तर त्या म्हणाल्या, "पण मंग रिती दिवाळीले काहून नाही आली?"

तेव्हाही मी काहीतरी सांगू शकले असते. त्या मान्य करायला तयार होत्या, मला दिसत होतं. मी म्हटलं, "ती येणार होती आई. मी नको लिहिलं."

"तिचं पत्र आलं होतं?"

"हो."

"मी दर आठवड्याले विचारत होती तुले."

"हो."

"तू म्हणे, उत्तर नाही आलं."

मी हो म्हटलं की नाही, आठवत नाही.

त्यांनी गोफ स्टुलावर ठेवला, हात पदराला पुसले. रागावल्या नाहीत. त्यांचा आवाज मोठा झाला असता तर मला सोसलं असतं. म्हणाल्या, "मी मरून राहिली होती, साधना. बाजेवर पडून एकच इचार करत होती, का पोरगी एवढी कठोर कशी झाली. माय मरते तरी येत नाही. मी तिच्यावर राग धरून मेली असती ना. सोन्याचं काय, सोनं तर माह्याच अंगाले लागलं."

त्यानंतर मी त्यांच्या हाताला तेल लावायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे, मी करतो." उजव्या हाताने डावा हात चोळत बसल्या. नीट जमत नव्हतं. मी दारात उभी होते. त्यांनी बोलावलं नाही, मीही गेले नाही.

तुझे दादा दुकानातून आले तेव्हा आईंनी त्यांना एवढंच सांगितलं, "राजकुमार, मले रितीकडे पोचवून दे. लग्नाले नाही जात मी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनाही सगळं सांगावं लागलं. सेवकरामचंही.

आणि ते पैसे कुठून आणले, तेही. हे तुला मी चारही पत्रांत लिहिलं नाही. मोहाडीला माझ्या नावावर एक प्लॉट होता. लग्नानंतर पाच वर्षांनी घेतलेला, घर बांधायला. ऑपरेशनच्या वेळी दादा म्हणाले होते, तो काढून टाकू. मी म्हटलं, गिऱ्हाईक मिळायला वेळ लागेल, तोवर सेवकराम बघतो. गिऱ्हाईक होतं. बेबीबाईंच्या जावयानेच विचारलं होतं. जानेवारीत तुला मी "दुसरा मार्ग नव्हता" असं लिहिलं. मार्ग होता. तो माझ्या नावावर होता आणि गोफ तुझ्या नावावर, एवढाच फरक होता. मार्चमध्ये त्याच जावयाला मी तो प्लॉट विकला आणि गोफ घडवला.

दादांनी ऐकून घेतलं. भाताचं ताट समोर होतं, ते बाजूला सारलं नाही, सावकाश जेवले. हात धुताना म्हणाले, "विकाचाच होता तर आधी विकाचा होता." एवढंच. त्यानंतर आजवर त्या विषयावर एक शब्द नाही.

ते आईंना सोडायला आले तेव्हा तुझ्या घरी दोन दिवस राहिले. परत आले तेव्हा मला न विचारता सांगत होते. तुझ्या पोरीने त्यांना मामा म्हटलं. प्रविणराव त्यांना छापखान्यात घेऊन गेले, मशीन दाखवली. तुझ्या हातची पातोडीची भाजी त्यांनी दोनदा घेतली. आणि निघताना तू त्यांच्या पाया पडलीस तेव्हा त्यांनी तुझी माफी मागितली, तू म्हणालीस, जाऊ दे दादा. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. चार वर्षं मोडलेलं घर जुळलं, ते माझ्यामुळे नाही, मी बाजूला झाल्यामुळे. मला वाईट वाटलं असं म्हणणार नाही. मी ऐकत होते आणि पोळ्या लाटत होते.

आता कामाचं लिहिते. गोळी रोज रात्रीच्या जेवणानंतर, एकही दिवस चुकवायची नाही. त्या म्हणतील घेतली, तरी पाकीट पाहा. डाव्या हाताला सुई टोचू देऊ नकोस, प्रेशरचा पट्टाही त्या हाताला नको. त्या हाताने पाण्याची बादली उचलतात, लक्ष ठेव. जूनच्या शेवटी नागपूरला दाखवायचं आहे, दादा येऊन घेऊन जातील, मी येणार नाही. दुखलं तर त्या सांगत नाहीत, फक्त जेवण कमी करतात, तेवढ्यावरून ओळखायचं. पोलक्यातल्या गाद्या मी आणखी तीन शिवल्या आहेत, या पाकिटासोबतच्या पुडक्यात आहेत. कोणी शिवल्या ते सांगायची गरज नाही.

नवीन गोफ आईंनी सोबत नेला नाही. तो कपाटात आहे. तू म्हणशील तेव्हा दादांच्या हाती पाठवीन, नको म्हणशील तर आईंच्या पुढच्या तपासण्यांसाठी मोडू. यावेळी तुला विचारून.

त्यांची खोली मी झाडून ठेवते. पहाटे चहा ठेवताना अजून आईंचं एक कप पाणी जास्त पडतं.

एवढं एकच मागते. आईंनी माझ्याबद्दल विचारलं तर सांग, साधना बरी आहे, धानाचं बघते आहे. नाही विचारलं, तर तू आपणहून माझा विषय काढू नकोस.

साधना